आधी आंघोळ, मग विहीर

मेक्सिकोच्या युकातान प्रांतात वायादोलिद नावाचं एक लहानसं शहर आहे. स्पॅनिशांनी वसवलेलं, बुटक्या रंगीत घरांचं आणि चहूबाजूंनी विहिरींनी वेढलेलं. या विहिरींना तिथे सेनोते म्हणतात. जमिनीखालची चुनखडी झिजून पोकळी तयार होते, एक दिवस तिचं छप्पर कोसळतं आणि तळाशी पाणी असलेली प्रचंड नैसर्गिक विहीर उघडी पडते. मूळ माया शब्द त्सोनोत. स्पॅनिश जिभेवरून घसरला आणि सेनोते झाला. जगभरचे लोक या विहिरींत पोहायला येतात आणि आल्या आल्या त्यांना पाटी दिसते : पाण्यात उतरण्यापूर्वी आंघोळ करा. मराठी माणूस या पाटीपुढे जरा थबकतो. आपल्याकडे विहिरीवर जायचं ते आंघोळीसाठी. विहिरीसाठी आंघोळ करायची म्हणजे पंगतीला बसण्यापूर्वी जेवून घेण्यासारखं. पण तिथे सुटका नाही. तिकीट काढायचं, अंगाला चोपडलेली सगळी क्रीमं धुवून टाकायची, घड्याळ-पाकीट कुलपात ठेवायचं, दिलेलं फुगीर जाकीट चढवायचं आणि ओल्या पायऱ्यांनी एकामागे एक काळोख्या भोकात उतरायचं. ही यादी जरा सावकाश वाचावी. दक्षिणा, स्नान, अलंकार उतरवणं, नेमून दिलेलं वस्त्र आणि मग रांगेनं विहिरीकडे प्रस्थान. हे तरणतलावाचे नियम नव्हेत, हा विधी आहे. आणि ज्याला न्हाऊ घालून, वेगळे कपडे चढवून विहिरीकडे नेतात, तो विधीचा यजमान नसतो. माझं म्हणणं एवढंच, की वायादोलिदला जाणारा माणूस स्वतःला पर्यटक समजत असला तरी प्रत्यक्षात तो नैवेद्य असतो. या म्हणण्याची दुसरी बाजू अशी, की तिथल्या विहिरी नैवेद्य घेतात खऱ्या, पण पचवत नाहीत. आत टाकलेलं उशिरा का होईना, वर येतं.

हे पटायला आधी तिथली एक गैरसोय ध्यानात घ्यायला हवी. उत्तर युकातानात नदी नाही. ओढा नाही, नाला नाही, पुलाखालून वाहणारं काही नाही. पाऊस चांगला पडतो, पण जमीन चाळणीसारखी. पडलेलं पाणी वर थांबायला तयार नसतं. नद्या आहेत, पण सगळ्या पोटात. तुलुमजवळची साक आक्तून ही पाण्यानं भरलेल्या गुहांची साखळी पाणबुड्यांनी ३०० किलोमीटरहून अधिक मोजली आहे. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही आपल्याकडे म्हण आहे. युकातानात तो भूगोल आहे. जे काही आहे ते आडातच. 'कूपमंडूक' ही शिवीसुद्धा तिथे चालायची नाही, कारण विहिरीतल्या बेडकाला साऱ्या द्वीपकल्पाच्या पाण्याची बित्तंबातमी असणार. अडाणी तो काठावरचा. काही उत्साही मंडळी या सगळ्या विहिरींचं श्रेय ६.६ कोटी वर्षांपूर्वी चिकशुलूबला आदळलेल्या अशनीला देऊन मोकळी होतात. त्या विवराच्या काठाकाठानं विहिरींचं वलय आहे हे खरं. पण ते मेरिदा शहराच्या बाजूला. वायादोलिद त्याच्या बाहेर पडतं. तिथल्या विहिरी पाण्यानं स्वतः, न गाजावाजा करता, कोरून काढल्या आहेत. अशनीचा विषय निघालाच आहे तर आपलंही अंग त्यात आहे हे कबूल करायला हवं. डायनासोर कुणी मारले या खटल्यात दोन संशयित आहेत : एक चिकशुलूबची धडक आणि दुसरा त्याच सुमाराला दख्खनभर पसरत असलेला लाव्हा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. बहुतेक शास्त्रज्ञांचं बोट युकातानकडे आहे. आपण तूर्त जामिनावर आहोत.

आता पुरावा क्रमांक एक. वायादोलिदच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर चिचेन इत्सा आहे. लोक तिथे पिरॅमिड पाहायला जातात, पण गावाचं नावच मुळी 'इत्सांच्या विहिरीच्या तोंडाशी' असं आहे. म्हणजे पत्ता विहिरीचा. पिरॅमिड ही जवळची खूण. त्या पिरॅमिडच्या चारी बाजूंना ९१ पायऱ्या, त्यांची बेरीज ३६४ आणि माथ्याची एक धरून वर्षाचे ३६५. मात्र आता चढायला बंदी आहे. तिकिटं दोन घ्यावी लागतात, एक केंद्र सरकारचं आणि एक राज्य सरकारचं, आणि दोन्ही मिळून वर्षाच्या पहिल्या दिवशीही पाय ठेवू देत नाहीत. वर जायला मनाई आणि खाली उतरायला आसपास पंचवीस विहिरींचं आमंत्रण : या मुलखाला माणूस कुठल्या दिशेला हवा आहे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? पिरॅमिडपासून पवित्र विहिरीकडे जुनी माया वाट जाते. दुतर्फा दुकानं, आणि दुकानदार लाकडी शिट्ट्यांतून जग्वारची डरकाळी काढून दाखवतात, त्यामुळे दर दहा पावलांवर वाघ मागे लागल्यासारखं वाटून लोक विहिरीकडे भराभर सरकतात. या विहिरीत माया लोकांनी पावसाच्या देवासाठी, चाकसाठी, सोनं, हिरवा जेड, धूप आणि माणसं वाहिली. हे लिहून ठेवलं बिशप दिएगो दे लांदानं. या गृहस्थांनी १५६२ साली मानी गावात माया लोकांची पुस्तकं सैतानी म्हणून जाळली आणि मग त्याच लोकांविषयी सविस्तर पुस्तक लिहायला घेतलं. ते वाचून एडवर्ड थॉम्प्सन या अमेरिकन वकिलातीच्या माणसानं १८९४ साली चिचेन इत्साची जमीन भग्नावशेषांसकट विकत घेतली आणि १९०४ पासून विहिरीत यंत्राचा पंजा सोडून गाळ उपसायला सुरुवात केली. सोनं वर आलं, जेड आलं, धुपाचे गोळे आले, हाडं आली. बराचसा ऐवज हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियमला पोचला आणि पुढे त्यातला काही मेक्सिकोला परतही मिळाला. देवाला वाहिलेलं सोनं मॅसॅच्युसेट्समार्गे घरी आलं. लांदानं जाळलेल्या पुस्तकांचीही तीच गत. ती राख झाली, पण त्यानं आपल्या ग्रंथात माया अक्षरांची जी अर्धवट यादी दिली होती, तिचाच धागा धरून युरी क्नोरोझोव्ह या रशियन विद्वानानं १९५२ साली लिपीचं कोडं सोडवायला सुरुवात केली. जाळणाऱ्याच्याच हातून किल्ली राहून गेली होती.

पुरावा क्रमांक दोन खुद्द वायादोलिद. स्पॅनिशांनी १५४३ साली ते आधी दुसरीकडेच, एका पाणथळ जागी वसवलं होतं. ज्यांना सम्राटाची फौज हटवू शकली नसती त्यांना डासांनी दोन वर्षांत हटवलं, आणि १५४५ साली मंडळी आताच्या जागी आली. इथे सासी नावाचं माया गाव होतं आणि अर्थातच एक सेनोते होतं. गाव पाडलं, त्याच्या देवळांच्या दगडांतून चर्च बांधलं. पुढे १७०३ साली शहरातल्या राजकीय वैरात चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांचेही प्राण गेले. पवित्र जागा बाटली म्हणून बिशपनं चर्च पाडायला लावलं; १७०६ साली ते पुन्हा उभं राहिलं, पण पश्चिमेऐवजी उत्तरेकडे तोंड करून. गुन्हा माणसांचा, शिक्षा दरवाजाला. दगडांच्या बाजूनं पाहिलं तर मात्र या सगळ्या इतिहासात ते तिसऱ्यांदा कामावर हजर झाले, एवढंच. तिथून एक तिरका रस्ता सान बर्नार्दिनोच्या मठाकडे जातो. फ्रान्सिस्कन साधूंनी १५५२ साली हा मठ बांधायला घेतला तो नेमका एका सेनोतेवर. नाव सिस-हा, थंड पाणी. १६१३ साली त्यावर रहाट बसवला. देव कुणाचाही असो, बसायची जागा विहिरीपाशीच. १८४७ साली मान्वेल अंतोनिओ आय या माया पुढाऱ्याला वायादोलिदमध्ये मृत्युदंड दिला आणि माया लोकांचा जो उठाव पेटला तो पुढं अर्धशतकभर धुमसत राहिला. १८४८ साली शुद्ध स्पॅनिश रक्ताचा तोरा मिरवणारं हे शहर त्यांनी ताब्यातच घेतलं. त्या धामधुमीत बंदुकांचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा कुणाला तरी पडला असावा, आणि उत्तर नेहमीचंच सुचलं असावं. कारण पुढे पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांना मठाच्या विहिरीत बंदुका आणि तोफ सापडली. गंजलेल्या नळ्या आज मठातच काचेमागे आहेत. साधूंच्या विहिरीतून तोफ निघणं ही गोष्ट जगात इतरत्र बातमी झाली असती; वायादोलिदमध्ये ती परंपरा आहे.

आता आक्षेप. पहिला अगदी सरळ आहे : नैवेद्य परत येत नाही, पर्यटक तासाभरात वर येऊन टॉवेल मागतो. बरोबर. पण परत येणाऱ्या नैवेद्याचीही त्या मुलखात सोय आहे. एक तर लांदाच सांगतो, की विहिरीत टाकलेली माणसं पुन्हा दिसली नाहीत तरी मेली असं लोक मानत नसत. दुसरं म्हणजे हुनाक केलची कथा. हा गृहस्थ चिचेन इत्साच्या विहिरीत गेला, जिवंत वर आला, देवाकडून ऐकलेलं भविष्य त्यानं काठावरच्यांना सांगितलं आणि तेवढ्या भांडवलावर तो राज्यकर्ता झाला. विहिरीतून वर आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, याची ही नमुनेदार नोंद आहे. परदेशवारीहून परतलेला सोसायटीतला कोणताही सदस्य आठवून पाहावा. पाण्यात तो अर्धा तास असतो, पण वर येतो तो अधिकारवाणी घेऊनच. व्हिसा, हवामान, चलन, जागतिक राजकारण आणि इतरांनी कुठे जाऊ नये, या सर्व विषयांवर तो पुढची पाच वर्षं भविष्य सांगतो आणि बिनविरोध निवडून येतो. ज्यांना अजूनही विधीबद्दल शंका असेल त्यांनी सुयतुनच्या सेनोतेचं दृश्य डोळ्यांपुढे आणावं. गुहेच्या आत पाण्यात शिरलेली दगडी वाट आणि तिच्या टोकाला गोल चौथरा. छताच्या भोकातून उन्हाचा एक झोत खाली येतो. वाटेवर एका वेळी एकच जण किंवा एकच जोडपं. बाकीचे मागे रांगेत. पुढचा माणूस अनवाणी, भिजल्या अंगानं चौथऱ्यापर्यंत चालतो, झोतात उभा राहतो, हात पसरतो, मान वर करतो आणि पापण्या मिटतो. मागचे श्वास रोखून पाहतात, कारण पुढचा नंबर त्यांचा आहे. याला फोटो काढणं म्हणतात. हाच प्रसंग दगडात कोरलेला सापडला असता तर तज्ज्ञांनी त्याला हे नाव खचितच दिलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला थट्टेनं उडवून लावू नये. जिथे खरी माणसं मेली तिथे नैवेद्य-नैवेद्य म्हणून हसायचं कशाला? विहिरीतून निघालेल्या हाडांत पुरुष आहेत, बायका आहेत आणि पुष्कळशी लहान मुलं आहेत. त्यांच्याकडे पाहून हसू येत नाही. हसू येतं ते या हाडांवर शतकभर रचलेल्या कहाणीचं. देखण्या कुमारिका, फुलांच्या माळा, चांदणं आणि झपकन उडी. हाडं तपासणाऱ्यांनी ही कहाणी कधीच मोडीत काढली, तरी ती अजून धडधाकट आहे, कारण मेलेल्या पोरापेक्षा सुंदर कुमारिका सहलीच्या माहितीपत्रकात बरी दिसते. खरी क्रूर थट्टा ही आहे. उलट आपण विहिरीकडे निघालेल्या रांगेत उभे आहोत हे ज्याला कळलं, तो काठावर जरा तरी गप्प उभा राहील. प्रेक्षकाला हळहळ वाटते ती परक्याबद्दल. रांगेतला माणूस आपल्या आधीच्या नंबरांचा विचार करतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो : पर्यटक नैवेद्य असेल, तर पुजारी कोण? माया लोक तर कधीच लुप्त झाले ना? नाही झाले. युकातेक माया भाषा बोलणारे मेक्सिकोत आजही सात लाखांवर आहेत, आणि त्यांतले कितीतरी वायादोलिदच्या बाजारात मिरच्या निवडताना भेटतात. बायकांच्या अंगावर पांढऱ्या कापडावर फुलं भरलेला हिपिल, आणि चौकातल्या कारंज्यावरही तोच वेष केलेली, घागर ओतणारी बाई. परिसरातल्या अनेक विहिरी एहिदोच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवर आहेत. म्हणजे चित्र असं : ज्यांच्या देवळांचे दगड काढून गोऱ्यांनी शहर बांधलं, त्यांचे वंशज खुर्ची टाकून बसले आहेत, आणि जगभरचे गोरे स्वखर्चानं विमानं करून येतात, रांग लावतात, आंघोळ करतात आणि पैसे मोजून विहिरीत उड्या घेतात. इतका शांत, इतका नियमित सूड इतिहासात क्वचितच उगवला गेला असेल. मराठीत माया म्हणजे भ्रम, माया म्हणजे जिव्हाळा आणि माया म्हणजे जमवलेला पैसा. तिकीटखिडकीपाशी तिन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. अर्थात, सगळी माया मायांकडे जाते असं मानणं भोळेपणाचं होईल. मोठ्या अवशेषांचा गल्ला सरकारचा, मोठ्या हॉटेलांचा बाहेरच्या मालकांचा. पुजाऱ्याच्या ताटात बहुधा उरलेलाच प्रसाद येतो. पण हा माझ्या म्हणण्याला विरोध नाही. देवस्थानांचा अनुभव असलेल्या कुणालाही तो दुजोराच वाटेल.

मग नैवेद्यानं मुक्काम कुठे करावा? बहुतेक जण कानकूनच्या किनाऱ्यावर राहतात आणि बसनं एका दिवसात पिरॅमिड, विहीर आणि वायादोलिद उरकून परततात. त्यातही कानकूनचं घड्याळ युकातानच्या एक तास पुढे, त्यामुळे वर्षाच्या पायऱ्या बांधणाऱ्या लोकांच्या मुलखात हे लोक दिवसभर 'नक्की किती वाजले' यावर वाद घालत असतात. वायादोलिदच्या वाट्याला येतो तो चौकातला थोडा वेळ आणि प्रसाधनगृहाची चौकशी. हा अन्याय आहे, कारण पिरॅमिडपाशी विहीर नुसती दाखवतात. शहरात ती वापरात आहे. सासीचं सेनोते चौकापासून चालत दोन-तीन मिनिटांवर, घरादुकानांच्या मध्येच आहे. आणि विहिरीत गेलेलं परत येतं, हा सिद्धांत शहराच्या जेवणापर्यंत पोचलेला आहे. जवळच्या श्केकेन या सेनोतेच्या नावाचा अर्थच डुक्कर. हरवलेल्या डुकराला शोधताना ती विहीर सापडली असं सांगतात. डुक्कर सापडलं ही आनंदाची गोष्ट, पण युकातानात डुकराचा प्रवास तिथे संपत नाही. आंबट संत्र्याचा रस आणि शेंदरीच्या बियांचं लाल वाटण लावून, केळीच्या पानात गुंडाळून त्याला पुन्हा जमिनीत, पिब नावाच्या तापलेल्या खड्ड्यात घालतात. वर येते ती कोचिनीता पिबिल. खड्ड्यात जाऊन इतकं सुधारून परत आलेला दुसरा प्राणी नाही. डहाणू-घोलवडचा म्हणून आपण ज्याच्यावर हक्क सांगतो, त्या चिकूचं माहेरही याच बाजूची जंगलं. तिथे मातीत पडलेली बी फिरत फिरत पालघर जिल्ह्यात वर आली. खाऊन झालं की चौकात बसावं. तिथल्या पांढऱ्या खुर्च्या इंग्रजी एस अक्षरासारख्या जोडलेल्या असतात, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. दोघांनी बसलं की चेहरे समोरासमोर येतात आणि अंग मात्र अंगाला लागत नाही. प्रेमिकांसाठी केलेली ही सोय खरं तर स्पॅनिश चर्च आणि माया गाव यांच्याकरिताच घडवल्यासारखी वाटते : चारशे ऐंशी वर्षं शेजारी बसलेत, सारखे एकमेकांकडे पाहतात, पण तोंडं वेगळ्या दिशांना.

आता पुन्हा त्या पाटीकडे. आधी आंघोळ कशासाठी, हे विचारलं तर उत्तर साधं मिळतं : अंगावरचं सनस्क्रीन आणि डासांचं औषध पाण्यात जाऊ नये म्हणून. जमिनीला चाळणीची भोकं आणि खालून सगळं पाणी एकमेकांना जोडलेलं. तिथे 'बाहेर टाकून दिलं' या शब्दांना अर्थच नाही, कारण बाहेर नावाची जागा नाही. हॉटेलाचं सांडपाणी, शेतातली रसायनं, वराहपालन केंद्रांचा मैला, जे वरून झिरपतं ते त्याच साठ्यात जातं, आणि प्यायचं पाणीही त्याच साठ्यातून उपसतात. चाकला सोनं देणारे, तोफ लपवणारे आणि क्रीम लावून उडी मारणारे, सगळ्यांची समजूत एकच होती, की विहीर म्हणजे शेवट. ती शेवट कधीच नव्हती. सोनं शेकडो वर्षांनी वर आलं, बंदुका शंभरावर वर्षांनी आल्या; क्रीमला एवढा धीर नाही, ते लवकर येईल. आपली म्हण थोडी उलटी करून तिथल्या दारावर लावायला हवी : आडात जे टाकाल, तेच पोहऱ्यात येणार. तेव्हा पाटी दिसली की वाद घालू नये, निमूट नळाखाली उभं राहावं. आंघोळ न करता उतरलेला माणूस तासाभरानं विहिरीतून वर येतोच. पण त्यातला थोडासा मागे राहतो, आणि पुढे कधीतरी वायादोलिदच्या एखाद्या घरी आमटीत उतरतो.